घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नॅसवर कसा घ्यायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा या आमच्या पट्ट्यात आता पुष्कळ घरी कॉम्प्युटर आहे. कोणी बचत गटाचे हिशेब ठेवते, कोणी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करते, कोणाचं सेवा केंद्र आहे, कोणी मास्तर आहेत आणि शाळेचे सगळे कागद घरच्याच मशीनवर आहेत. डिस्क उडाली की मंग धावपळ सुरू होते, आणि तेव्हा फार काही हाती राहिलेलं नसते. म्हणून लोक जे प्रश्न विचारतात ते इथं एका जागी लिहून ठेवले. लांब आहे, ज्याला जेवढं लागते तेवढं वाचा, पण उन्हाळ्याचा आणि घराबाहेरच्या कॉपीचा प्रश्न कोणी सोडू नका.

नॅस म्हणजे नेमकं काय असते?

एक छोटा डबा, त्यात एक, दोन किंवा चार हार्डडिस्क बसतात, आणि तो वायरनी राउटरला जोडलेला असतो. घरातले सगळे कॉम्प्युटर, लॅपटॉप, मोबाईल त्याच्यावर फाईल ठेवू शकतात. त्याच्या आत स्वतःचं छोटं लिनक्स चालते, त्याला मॉनिटर-कीबोर्ड लागत नाही, सगळं सेटिंग ब्राउझरमधून होते. सिनॉलॉजी, क्यूनॅप, वेस्टर्न डिजिटल ही नावं तुम्ही ऐकली असतील.

माझ्याकडं एक्सटर्नल हार्डडिस्क आहे, मंग नॅस काहून घ्यायचा?

डिस्क चांगलीच आहे, फेकू नका, पुढं लागणार आहे. पण ती आलमारीतून काढून जोडावी लागते, आणि जे काम आठवणीवर सोडलं ते सोयाबीनच्या काढणीत, परीक्षेच्या दिवसांत, लग्नसराईत राहूनच जाते. नॅसचा फायदा एकच पण मोठा आहे, तो नेहमी जोडलेला असतो म्हणून बॅकअप आपोआप होते, तुम्ही विसरले तरी ते काम होऊन राहिलं असते. घरात एकच लॅपटॉप आहे आणि पन्नास जीबीचाच डेटा आहे असं असेल तं मी सरळ सांगतो, नॅस घेऊ नका, दोन एक्सटर्नल डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. दोन-तीन मशीन असतील, फोटो-व्हिडिओचं काम असेल, तेव्हा नॅस परवडते.

गावात नेट धड चालत नाही, तरी नॅस चालते का?

चालते, आणि माझ्या मते गावात नॅसचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. बॅकअप घरातल्या घरात कॉम्प्युटरमधून राउटरमधून नॅसमध्ये जाते, बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नाही, टॉवर बंद असो की फायबर तुटलेला असो, राउटर चालू पाहिजे बस.

उलट क्लाऊडचा, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेचा, हिशेब करून पाहा. तीनशे जीबीचे फोटो-व्हिडिओ आहेत आणि अपलोड ५ एमबीपीएस मिळून राहिलं, तं एक मिनिट न थांबता साडेपाच दिवस लागतात. मोबाईलच्या दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर तेच काम २०० दिवसांचं आहे. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि गूगल फोटोजमध्ये जे अमर्याद फुकट होतं ते १ जून २०२१ पासून बंद झालं. तरी महत्त्वाचे कागद, दाखले, पासबुकाचे स्कॅन असं एक-दोन जीबीचं क्लाऊडवर जरूर ठेवा, ते जाऊ शकते.

किती टीबीचा घ्यावा आणि डिस्क कोणती?

आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा धरा, कारण बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्यापण राहतात. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, दुकानदारानं फसवलं असं समजू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. बहुतेक डबे रिकामे येतात, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, तेव्हा बजेट आधीच तसं धरा.

डिस्क नॅससाठीचीच घ्या, म्हणजे वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ अशी. घेताना सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी, आहे का हे विचारा. एसएमआर नावाचा एक प्रकार असतो, त्यात ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहितात, जागा स्वस्तात मिळते पण लगातार मोठं लिहिताना आणि खराब डिस्क बदलून नवीन भरताना ती फार हळू होते. २०२० मध्ये साध्या रेड डिस्कच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर निघालं आणि त्यावर बराच गोंधळ झाला होता, म्हणून नुसतं रेड नाही, रेड प्लस असं नीट वाचून घ्या.

दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जाते, मंग बॅकअप झालाच ना?

नाही झाला. याला रेड-१ (RAID) म्हणतात, वरच्या रेड नावाच्या डिस्कशी याचा संबंध नाही, आणि हा गैरसमज मी सगळ्यात जास्त पाहतो. हे रेड-१ गाडीच्या स्टेपनीसारखं आहे, चाक पंक्चर झालं तं काम भागते, पण गाडीच चोरीला गेली तं स्टेपनीबी तिच्यासोबत जाते. एक डिस्क मेली तं दुसरी काम चालू ठेवते, एवढाच त्याचा उपयोग. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तं ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेलं. वीज पडली, डबा जळाला, चोरी झाली, तरी दोन्ही सोबतच जातात. आणि ४-४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तरी जागा ४ टीबीचीच मिळते हेही ध्यानात ठेवा.

सिंक चालू आहे, ते बॅकअप नाही का?

तेही नाही. सिंक म्हणजे दोन जागच्या फाईल सारख्या ठेवणं, त्यात इकडं पुसलं की तिकडं पुसलं जाते. बॅकअपमध्ये जुनी आवृत्ती राहिली पाहिजे, परवाची, मागच्या महिन्याची.

विंडोजवर सेटिंग कसं करायचं?

आधी नॅसवर बॅकअप नावाचं शेअर्ड फोल्डर बनवा आणि त्यासाठी वेगळा यूजर बनवा, पासवर्डसकट. अ‍ॅडमिनचा यूजर यासाठी वापरू नका, काहून ते व्हायरसच्या प्रश्नात सांगतो. मंग विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फाईल हिस्टरी उघडा, सिलेक्ट ड्राइव्हमध्ये अ‍ॅड नेटवर्क लोकेशन करा, नॅसचं फोल्डर दाखवा, तो यूजर-पासवर्ड द्या आणि टर्न ऑन करा. तेव्हापासून ते दर तासाला बदललेल्या फाईल तिकडं नेऊन ठेवते आणि जुन्या आवृत्त्या सांभाळते. हे विंडोज ८ पासून आहे, वेगळे पैसे लागत नाहीत.

आता इथं एक मोठी गोम आहे. फाईल हिस्टरी फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ, म्युझिक असे ठरलेले फोल्डर घेते, आणि आपल्याकडं तं सगळ्यांची सवय अशी की सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो म्हणून कामाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं. म्हणजे बॅकअप चालू आहे, हिरवं टिकमार्क दिसून राहिलं, आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च केला ते डी मधलं फोल्डर त्यात आहेच नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून इन्क्लूड इन लायब्ररी करा, विंडोज ११ मध्ये हे शो मोर ऑप्शन्समध्ये सापडते. नंतर नॅसवर जाऊन ते फोल्डर खरंच आलं का ते डोळ्यानं पाहा.

अ‍ॅपल वाल्यांना टाइम मशीन नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर आहे, ते नॅसवर चालते. लिनक्स असेल तं देजा डुप हे सॉफ्टवेअर सोपं आहे.

फाईलच नाही, पूर्ण कॉम्प्युटर जसाच्या तसा परत पाहिजे असेल तर?

त्याला इमेज बॅकअप म्हणतात, विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, सॉफ्टवेअर सगळं येते. वीम एजंट या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती हे नॅसवर करते, सिनॉलॉजीच्या वरच्या मॉडेलमध्ये त्यांचं स्वतःचं अ‍ॅक्टिव्ह बॅकअप मिळते. सेवा केंद्रवाल्यांनी तं हे करावंच, कारण बायोमेट्रिक मशीन आणि सहीच्या टोकनचे ड्रायव्हर परत बसवण्यात अख्खा दिवस जातो आणि बाहेर लोक रांगेत उभे असतात. रिकव्हरीचा पेनड्राइव्ह त्याच दिवशी बनवून ठेवा, कॉम्प्युटर मेल्यावर तो बनवायला दुसऱ्याचा कॉम्प्युटर शोधावा लागते. विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, हे काम विंडोजचं बिटलॉकर करते, तेव्हा त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा.

पहिला बॅकअप दोन दिवस झाले तरी संपून नाही राहिला, काय बिघडलं?

बहुतेक काहीच नाही, तुम्ही वायफायवरून घेऊन राहिले असाल. जाड भिंती, लांबचा राउटर, अशा ठिकाणी सेकंदाला तीन-चार एमबी मिळाले तरी पुष्कळ, आणि त्या वेगानं ३०० जीबीला जवळपास अख्खा दिवस लागते. पहिला बॅकअप वायर लावूनच घ्या. नंतर रोजचा बदल थोडाच असतो, तेव्हा वायफाय चालते.

वायर लावूनही हळू असेल तं राउटरचे पोर्ट पाहा. नेट कनेक्शनसोबत मिळालेल्या स्वस्त राउटरमध्ये पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, तिथं सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे ३०० जीबीला साडेसात तास. गिगाबिट पोर्ट असेल तं तेच काम पाऊण-एक तासात होते. आणि केबलमधल्या आठही तारा नीट पंच झालेल्या पाहिजेत, चारच तारांवर गिगाबिट चालत नाही, लिंक १०० वर येते. जुनी केबल असेल तं हे आधी तपासा, नवीन राउटर घ्यायची गरज पडणार नाही.

लाईन सारखी जाते, नॅस खराब होईल का?

होऊ शकते. लिहिणं चालू असताना लाईन गेली तं फाईल सिस्टीम बिघडू शकते, आणि दोन डिस्कचा सेट असेल तं लाईन आल्यावर तो तासनतास तपासणीच करत बसते. घरच्या इनव्हर्टरवर ठेवलं तं काही वेळ चालेल, इनव्हर्टरला यूपीएस मोडचं बटन असेल तं ते लावा म्हणजे बदलताना झटका बसत नाही. पण इनव्हर्टर नॅसला सांगू शकत नाही की बॅटरी संपत आली, आता बंद हो. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस सांगू शकते. ती वायर नॅसला लावली आणि सेटिंगमध्ये यूपीएस चालू केलं की बॅटरी कमी झाल्यावर तो स्वतः नीट बंद होते. स्वस्त यूपीएसमध्ये बरेचदा हे पोर्ट नसते, विचारून घ्या. राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा.

अवकाळीत आणि मृगाच्या आधी विजा कडाडतात तेव्हा पॉवरचा प्लग आणि राउटरमधून येणारी केबल दोन्ही काढा, नुसता प्लग काढून पुरत नाही कारण झटका केबलमधूनही येते. तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या, पुष्कळ जुन्या घरी तिसऱ्या छिद्रात काहीच जोडलेलं नसते. घरातून गोठ्यात किंवा अंगणापलीकडच्या दुकानात उघड्यावरून लॅनची तांब्याची केबल टाकू नका. तिथं वायफाय किंवा फायबर.

उन्हाळ्यात नॅस ठेवायचा कुठं?

घरच्या वापराच्या बहुतेक नॅसच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असते. आता आपल्या इकडं मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, वर्धा कुठंही पाहा, पारा ४५ च्या वर जाणं काही नवीन नाही, आणि टिनाच्या छताखालच्या खोलीत तं बाहेरपेक्षा जास्त भट्टी असते. म्हणजे कंपनीनं जी मर्यादा दिली ती आपण काहीच न करता ओलांडतो.

तेव्हा टिनाखाली नाही, वरच्या मजल्यावर नाही, पश्चिमेच्या भिंतीला नाही. घरातली सगळ्यात थंड खोली, जुनं मातीच्या भिंतीचं घर असेल तं मधली खोली उत्तम, जमिनीपासून थोडं वर, मागं वितभर जागा सोडून. बंद आलमारीत कोंबू नका. लोक चांगल्या मनानं कूलरच्या समोर ठेवतात, ते करू नका, कूलरची हवा थंड असली तरी ओली असते, पाण्याचे कण उडतात, आणि ओलावा व धूळ मिळून आत चिखल बसते. कूलर त्याच खोलीत असला तरी थेट झोत नको. बॅकअपची वेळ दुपारची असेल तं बदलून पहाटेची करा, मे महिन्यात दुपारी नॅस शेड्यूलनं बंदच ठेवला तरी चालते, तशी सोय बहुतेक डब्यांत असते. डिस्कचं तापमान नॅसच्या पानावर दिसते, ते सारखं पन्नासच्या वर जाऊन राहिलं असेल तं जागा बदला.

आणि कापूस. भाव चढायची वाट पाहत घरातच कापूस भरून ठेवलेला असतो, त्याचे तंतू हवेत उडतात आणि नॅसच्या पंख्यात जाऊन गुंडाळतात. वेचणी सुरू झाली की महिन्यातून एकदा नॅस बंद करून जाळी ब्रशनं साफ करा. कापसाच्या खोलीत तं नॅस ठेवूच नका, तिथं विजेची कोणतीच वस्तू नको. उंदरांसाठी केबल पीव्हीसी पट्टीतून घ्या.

लाईन आल्यावर कॉम्प्युटर म्हणते नेटवर्क पाथ सापडला नाही. डेटा गेला का?

नाही गेला. राउटर परत चालू झाल्यावर त्यानं नॅसला नवीन आयपी पत्ता दिला आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधून राहिला. राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असते, तिथं नॅसला एक पत्ता कायमचा बांधून द्या. नॅसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू हो असंही एक सेटिंग असते, तेही लावा.

जुना नॅस नवीन विंडोजवर दिसतच नसेल तं कारण वेगळं आहे. जुने डबे एसएमबी-१ या नेटवर्कवर फाईल देण्या-घेण्याच्या जुन्या पद्धतीवर चालतात आणि विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून ते मुळातच बंद आहे. ते चालू करायचे व्हिडिओ मिळतात, पण करू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस त्याच दारातून जगभर पसरला होता. नॅसचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून एसएमबी-२ किंवा ३ चालू करा, ते नसेल तं डबा बदला.

मराठी नावाच्या काही फाईल नॅसवर जातच नाहीत, काहून?

नाव लांब असेल. विंडोजमध्ये नावाला २५५ अक्षरं चालतात, पण नॅस आतून लिनक्स आहे, तिथं मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतलं एकेक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी ३ बाइट घेते. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ च्या आसपासच. सिनॉलॉजीवर फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तं हीच मर्यादा १४३ बाइट होते, म्हणजे ४७. “ग्रामसभा ठराव दिनांक अमुक विषय तमुक” अशी अख्खी ओळ नाव म्हणून देणाऱ्यांच्या फाईल म्हणूनच मागं राहतात. नाव छोटं करा, बाकीचं फोल्डरच्या नावात टाका.

याच्यासोबत फॉन्टचंही सांगतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईल युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या, नाहीत, फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाईल हिस्टरी विंडोजचं फॉन्टचं फोल्डर घेत नाही. तेव्हा ते फॉन्ट वेगळे कॉपी करून बॅकअपच्या फोल्डरमध्ये ठेवा.

टॅलीचा डेटा कसा घ्यायचा?

टॅली चालू असताना त्याचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका, अर्धवट येऊ शकते. टॅलीचाच बॅकअप पर्याय वापरून रोज संध्याकाळी डॉक्युमेंट्समध्ये काढा, तिथून फाईल हिस्टरी ते नॅसवर नेते.

रॅन्समवेअर आलं तर नॅस वाचते का?

रॅन्समवेअर म्हणजे फाईल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. नॅस झेड ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवला असेल तं वाचत नाही, व्हायरसला ती अजून एक ड्राइव्हच दिसते. म्हणून रोजच्या वापराच्या यूजरला बॅकअपच्या फोल्डरवर लिहायचा हक्क देऊ नका, ड्राइव्ह मॅप करू नका, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करू नका. फाईल हिस्टरी मात्र आपला पासवर्ड विंडोजमध्येच ठेवते, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे त्या वेळच्या फाईल जशाच्या तशा जपून ठेवायची, सोय असेल तं नक्की चालू करा. स्नॅपशॉट नॅसच्या आत बनतात, बॅकअपच्या साध्या यूजरला ते पुसता येत नाहीत, आणि बिघडलेल्या फाईलच्या आदल्या दिवशीच्या प्रती परत मिळतात.

पुण्यातल्या पोराला बाहेरून नॅस उघडून पाहिजे, राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देऊ का?

देऊ नका. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेले वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह डबे जगभर बाहेरूनच पुसले गेले, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कुलूपबंद करून पैसे मागितले. पोराला फोटो पाहिजे असतील तं लिंक बनवून पाठवा, राउटरचं दार बंदच राहू द्या.

घराबाहेर एक कॉपी ठेवायची म्हणजे कुठं?

जगभर एक नियम मानतात, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. नॅस घेतला की लोक इथंच थांबतात आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, कारण घरी आग लागली, चोरी झाली, पुराचं पाणी शिरलं, तं कॉम्प्युटर आणि नॅस एकाच वेळी जातात. ती जुनी एक्सटर्नल डिस्क आता काढा. नॅसच्या यूएसबीला लावून सगळ्याची कॉपी घ्या, एन्क्रिप्ट करून, आणि दुसऱ्या गावी ठेवा. बहिणीकडं, सासुरवाडीला, तालुक्याला भाऊ राहते त्याच्याकडं. पोळ्याला, दिवाळीला, अक्षय तृतीयेला जाणं होतेच, तेव्हा ताजी कॉपी घेतलेली दुसरी डिस्क नेऊन तिथली आणा. पासवर्ड घरातल्या अजून एकाला माहीत पाहिजे.

सगळं नीट होऊन राहिलं हे कसं समजायचं?

परत काढून पाहा, दुसरा मार्ग नाही. महिन्यातून एकदा कोणतीही एक जुनी फाईल नॅसवरून दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि उघडा. फोटो दिसला, एक्सेल उघडलं, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, म्हणजे ठीक. नॅसवर ईमेल किंवा मोबाईलची सूचना चालू करा, डिस्क खराब व्हायला लागली तं आधी कळू शकते. आणि विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ज्यांचं मशीन अजून त्यावर आहे त्यांनी बॅकअप आधी घ्या, अपग्रेड नंतर.

जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याचाच नॅस केला तर?

करता येते, त्यासाठीचं ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पण जुना डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवला तं बिल दोन डिस्कच्या नॅसपेक्षा किती तरी जास्त येते, आणि जुनी डिस्क त्यात ठेवू नका, नवीन घाला.

नॅसचा डबाच बंद पडला, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तं विंडोज म्हणते फॉरमॅट करा. करू का?

अजिबात करू नका भाऊ, कॅन्सल दाबा आणि डिस्क काढून घ्या. आत लिनक्सची फाईल सिस्टीम आहे, ती विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते फॉरमॅट मागते, डेटा जागेवरच आहे. त्याच कंपनीचा चालणारा डबा मिळाला तं त्याच क्रमानं डिस्क लावा, पण मॉडेल जमते का हे आधी कंपनीच्या साइटवर पाहा. नाही तं लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून वाचता येते, हे काम जाणकाराकडून करून घ्या. डिस्क काढतानाच तिच्यावर मार्करनं एक, दोन असे नंबर टाका.